नंबर चौथा

गोळीबार चौकाच्या अलीकडे निनावेकाकांचं वाचनालय,
तिथल्या लांब वहीत माझा नंबर चौथा.
भाग नववा आला त्या रात्री मी मेयोच्या लॅबमध्ये होते,
कुणाचं तरी रक्त गरगर फिरत होतं यंत्रात
आणि काकांचा मेसेज: आलं. पुढे तिघं आहेत.

भोसल्यांच्या फडातला तो एका डोळ्याचा कारकून, त्रिंबक,
जो खुनाच्या चिठ्ठीवरची शाई हुंगून
लिहिणाऱ्याचं गाव सांगतो,
त्याला आठव्या भागाच्या शेवटी
जुम्मा दरवाजाजवळच्या विहिरीत ढकललंय.
आणि खाली लेखिकेनं लिहिलंय, क्रमशः.
बाई, तुमचं भलं होवो.

मधल्या काळात दुसरी मालिका धरली, आजकालची.
तिच्यातली चंपा तिडके, महापालिकेची ज्युनियर इंजिनीअर,
नाग नदीच्या तळाशी राहणाऱ्या जुन्या नागाला
पाणीपट्टीची नोटीस बजावते.
नाग म्हणतो, मी तुमच्या शहराच्या आधीपासून आहे.
चंपा म्हणते, पुरावा आणा, दोन प्रतींत.
तिच्यापायी मी आता मेट्रोचे पिलर मोजत जाते.
पाचव्या भागात एका पिलरखाली कुणी डोळे मिटून बसलंय,
तीनशे वर्षं.
जाऊन पाहिलं. चपलेचा एक जोड होता. तेवढाच.
पण नीट मांडून ठेवलेला.

पहिल्या वाचकानं आठवड्यात परत केलं,
दुसरीनं चार दिवसांत, शहाणी मुलगी.
तिसरा हेडाऊ.
महिना झाला. पारा सत्तेचाळीसवर गेला,
कूलरची वाळ्याची ताटी दोनदा बदलून झाली.
काका म्हणाले, "वाचून राहिला असंन ना तो,
काऊन घाई करता?"
पत्ता?
"पत्ता कायचा. येते, घेते, जाते."

मग मीच त्रिंबक झाले.
आठवा भाग पुन्हा काढला, हेडाऊच्या हातून गेलेला.
पान एकशे बारा: लाल डाग, कडेला तेल पसरलेलं.
पान एकशे नव्वद: चण्याचं टरफल, चपटं झालेलं.
खुणेला मेट्रोचं तिकीट, कस्तूरचंद पार्कहून, दुपारी बाराचं.
म्हणजे माणूस येतो तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते,
फक्त जाताना मिळते.
डाग हुंगला. दिवसभर नमुने तपासणाऱ्या बाईनं
पुस्तकाला नाक लावावं, हसा खुशाल.
तर्री. लवंग जास्त.

पाळी संपवून साडेसहाला पोचले.
पहिल्या गाडीवर लवंग नव्हती. दुसरीवर पोहेच गार.
तिसरीवर कढईमागे, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला,
भाग नववा.

"हेडाऊ?"
"कोण तुम्ही?"
"नंबर चौथा."
त्याचा झारा थांबला. मग हसला, दात पुढे असलेलं हसू.
"अकरा पानं राह्यली."
"महिनाभर?"
"ठेवली ना म्हणून. दहाव्याचा पत्ता नाही.
वाचली का मंग तो वर येवो का बुडो, मायासाठी संपलाच.
आता कसा, पायरीवर उभा आहे. कमरेइतकं पाणी.
सकाळी गाडी लावतो तवा म्हणतो, थांब गड्या."

मी पोहे खाल्ले. त्यानं पैसे घेतले नाहीत,
पुस्तक मात्र दिलं, पिशवीसकट,
लेकीला एसटीत बसवून द्यावं तसं.

मलाही वाटलं, आपणही ठेवावीत अकरा पानं.
वाटलं खरं.
पार्कच्या भिंतीला स्कूटर लावली, सीट तापायच्या आत
अकराच्या अकरा वाचून काढली,
शेवटच्या ओळीला हेल्मेट हातातून पडलं.

दहावा भाग पुढल्या साली म्हणतात.
मी रोज पाळीवरून सुटले की तिथे थांबते.
तर्री वाढताना तो माझं तोंड निरखतो,
चण्याचा जादा डाव घालतो, लाच म्हणून.
"फक्त एवढं सांगा, जिवंत आहे ना?"

"लिंबू द्या," मी म्हणते.